३५ एमएम एफ १.८ लेन्स : वर्षभर कामातली माणसं टिपून झाल्यावर

आधीच सांगते, चार्ट भिंतीवर लावून कोपरे किती शार्प येतात वगैरे मी काही तपासलेलं नाही. कंपनीचं नावही मुद्दाम घेत नाहीये, कारण क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे ३५ एमएम फिल्मपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांसाठी अशी छोटी ३५ एमएम बऱ्याच कंपन्यांची मिळते आणि मी जे लिहिणार आहे ते त्यातल्या बहुतेकींना लागू पडेल.

मला कामात असलेल्या माणसांचे फोटो काढायचा नाद आहे. सुतार, पुस्तकं बांधणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका, वेल्डर. ही सगळी मंडळी अशा जागी काम करतात जिथे एक ट्यूब असते आणि तीही नेमकी त्यांच्या पाठीमागे. तिथे किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम) घेऊन गेलं की आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची तीव्रता, ६४०० ला जाऊन बसतो आणि चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखा नॉइज येतो. १८-५५ ही किट लेन्स ३५ वर नेली तर साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), ही १.८ पर्यंत, म्हणजे प्रकाश सहापटीहून जास्त. तेच फोटो आता आयएसओ १००० च्या आसपास निघतात. एवढ्या एका कारणासाठी घेतली होती खरं तर, बाकीचं सगळं नंतर कळत गेलं.

झूम नाही याची पहिले पंधरा दिवस इतकी चिडचिड झाली की परत विकायचाच विचार होता. १.५ पट लहान क्रॉप सेन्सरवर ही फुल फ्रेमच्या (फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) ५० एमएम सारखी वागते, आणि ५० म्हटलं की फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव निघतंच, बहुतेक सगळं काम त्याने ५० वरच केलं. पण त्याने आपल्याला काय होतंय! आपल्याला कळायला हवं ते एवढंच की दीड मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये जेमतेम एक मीटर रुंदी मावते. एक माणूस, त्याचं टेबल, दोन हात, संपलं. आणि दीड मीटरवर उभं राहायचं तर विचारल्याशिवाय चालतच नाही, लांबून झूम करून गुपचूप टिपायची माझी सवय इथेच मोडली. पुस्तकं बांधणाऱ्या बायंडर काकांकडे गेले तर मी जवळ गेले रे गेले की ते हातातलं काम सोडून ताठ बसायचे. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा पासपोर्ट फोटो! मग लक्षात आलं की एकदा कापडावर खळ लावली की ती सुकायच्या आत पुठ्ठा बसवावाच लागतो, तेवढा वेळ कोण आलंय कोण गेलंय बघायला त्यांना फुरसत नसते. आता कुठेही गेले की आधी हेच शोधते, या कामात न थांबता येणारा टप्पा कुठला. (पोझ दिलेला फोटो वाईटच असतो असं नाही बरं का, अमेरिकन फोटोग्राफर लुईस हाइनचा १९२० चा पान्याने बोल्ट आवळणारा मेकॅनिक मुद्दाम उभा केलेलाच आहे.)

आता एफ १.८ चा मोह. एक मीटरवर १.८ ठेवलं की शार्प पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा, म्हणजे सुई शार्प, बोटं ठीकठाक, चेहरा गेला. पहिल्या महिन्याचे माझे सगळे फोटो असे आहेत, मागे नुसतं धुकं, आणि मी खूश की वा काय बोके (मागचा धूसरपणा) आलाय! नंतर एकत्र बघितले तेव्हा सुतार कोणता आणि शिंपी कोणता तेच कळेना, कारण रंधा, पटाशी, भिंतीवरचे नमुने सगळं मीच पुसून टाकलेलं. आता दोन मीटरच्या अंतरापर्यंत मागे सरते, एफ ४ ठेवते, अर्ध्या मीटरपर्यंत शार्प मिळतं आणि मागच्या वस्तू मऊ पडल्या तरी ओळखू येतात. १.८ फक्त उजेडच नसेल तेव्हा.

खोड्या आहेतच. माझ्या लेन्समधली फोकसची मोटर कुरकुरते, शांत खोलीत समोरचा माणूस दचकून वर बघतो. स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) नाही, शटर १/६० सेकंदाच्या खाली गेलं की माझे हात साथ देत नाहीत. ३० सेंटिमीटरपेक्षा जवळचं फोकस होत नाही त्यामुळे घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे काही उपयोग झाला नाही. चमकत्या धातूच्या कडेला १.८ वर जांभळी रेघ येते, २.८ ला बरीच कमी होते. फोटोत आडवे काळे पट्टे येतात त्याला मात्र लेन्सला दोष देऊ नका, तो दिव्यांचा खेळ. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक वेळा जातात. आणि वेल्डिंगला जाल तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आर्ककडे (वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीकडे) बघू नका, मागच्या स्क्रीनवर बघा आणि पुढे एक साधा यूव्ही फिल्टर लावा. ठिणगी काचेत रुतते, माझ्या फिल्टरवर दोन डाग आहेत, ते लेन्सवर पडले असते.

एडिटिंग डार्कटेबल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, फुकट आहे, शिकायला जरा वेळ लागतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढलं असेल तर ती जांभळी रेघ सहज जाते, लेन्समुळे वाकलेल्या रेषा पण सरळ होतात. फोटो थोडा उजळायचा, रंग ठीक करायचे, कधी ब्लॅक अँड व्हाइट, बास. पूर्वी मी बरीच साफसफाई करायचे. एका शिवणकामवाल्या ताईंच्या फोटोतून मशीनला लटकवलेली पिशवी क्लोन टूलने (शेजारचा भाग त्यावर चिकटवून) उडवली, मस्त स्वच्छ फ्रेम, प्रिंट काढून द्यायला गेले तर त्यांचा पहिला प्रश्न, "चिंध्यांची पिशवी कुठं गेली?" त्या चिंध्यांच्या त्या गोधड्या शिवतात, मला पत्ताच नव्हता. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्र स्पर्धेच्या नियमात काही घालायचं नाही काढायचं नाही असं आहे ते मला तेव्हा उगाच कडक वाटायचं. आता आकाश बदलणं, दोन फोटो एकात एक घालणं असले उद्योग वेगळ्या फोल्डरमध्ये करते, तिथे वाट्टेल ते.

किट लेन्स मात्र ठेवलीये. छोट्या खोलीत चार जणं काम करत असतील तर भिंतीला पाठ टेकवूनही ३५ मध्ये मावत नाहीत, १८ लागतेच. लग्नकार्य, प्रवास यासाठीच घेणार असाल तर झूमच बरी पडेल.

जुनी घेणार असाल (माझी जुनीच आहे) तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते बघा, आणि अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश येण्याच्या भोकाच्या) पात्यांवर तेल आलेलं नाही ना तेही. माझीत दोन्ही नव्हतं, फक्त पुढचं झाकण भलत्याच कंपनीचं निघालं, अजून तेच वापरतेय.