आजी, बाळ रडतंय, नंबर टाक ना!

आईबाबा हिंजवडीला ऑफिसात, नात सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबांकडे, आणि दुपारी हातात आजीचा फोन. बाळ सांभाळायच्या मोफत गेममधून होणारी फसवणूक अशाच घरात सहज पचते. मुलीच्या दृष्टीने ही भातुकलीच असते: बाळाला न्हाऊ घालायचं, डायपर बदलायचं, दूध पाजायचं, झोपवायचं. पहिली दोन-तीन कामं मोकळी असतात. मग बाळाला ताप येतो आणि औषधाच्या बाटलीवर कुलूप दिसतं. बाळ रडायला लागतं आणि थांबतच नाही. पाच वर्षांच्या मुलीला ते रडणं खरं वाटतं. गेम बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच कुलूप खेळण्यावर न लावता औषधावर लावलेलं असतं. आमच्या मते सगळ्यात वाईट भाग हाच.

कुलपावर बोट ठेवलं की ‘पालकांसाठी’ म्हणून गणित येतं, सात आठे किती? पाढे पाठ असलेलं दुसरी-तिसरीतलं मूल ते सहज सोडवतं. पुढच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘३ दिवस मोफत’, आणि खाली फिकट बारीक अक्षरात ‘त्यानंतर दर आठवड्याला’ अमुक रुपये. आठवड्याला २९९ धरले तर ५२ आठवड्यांचे १५,५४८ होतात. मोफत म्हटल्यावर आजी यूपीआय पिन टाकते. तो पिन एका वेळच्या पैशांचा नसतो, ऑटोपेची, म्हणजे पैसे आपोआप कापले जाण्याची, कायमची परवानगी असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा पिन लागत नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते खरी, पण ती बँकेच्या आणि जाहिरातींच्या मेसेजच्या ढिगात बुडते. पासबुकातही बहुतेकदा गेमचं नाव नसतं, गूगलचं असतं. आजोबांना वाटतं, फोनचंच काहीतरी असेल.

मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि रागाने गेम काढून टाकला जातो. इथेच दुसरी चूक होते. गेम काढला तरी सदस्यत्व, म्हणजे ही दर आठवड्याची वर्गणी, चालूच राहतं. ते असं बंद करा: प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट आणि सदस्यत्वे’मध्ये ‘सदस्यत्वे’, तिथे गेमचं नाव, मग ‘सदस्यत्व रद्द करा’. यादी रिकामी दिसली तर फोनमधलं दुसरं गूगल खातं निवडून पाहा, घरातल्या फोनवर मुलाचं किंवा सुनेचं खातंही असतंच. त्यानंतर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे यादीतूनही ती परवानगी काढा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वरचं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. तिथे मोफत मुदत संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करावं लागतं.

पैसे परत हवे असतील तर घाई करा. खरेदीला ४८ तास झाले नसतील तर गूगलकडेच परताव्याचा अर्ज करता येतो, नंतर मात्र बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्याच्या दारात पाठवलं जातं. ‘खरेदी लहान मुलाकडून झाली’ असं अर्जात स्पष्ट लिहा. बँकेत धावून फारसं हाती लागत नाही, पिन घरातूनच टाकलेला असतो. फसव्या सदस्यत्वाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करा. केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ फसव्या युक्त्या नोंदवल्या आहेत, त्यात सदस्यत्वाचा सापळा आहे. पडद्यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, बारीक अक्षरांसकट.

मुलीला मात्र रागावू नका. अमेरिकेत २०१४ साली मुलांनी केलेल्या अशाच खरेद्यांपायी ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करायचं मान्य करावं लागलं. तिथे पासवर्ड एकदा टाकला की ॲपलवर १५ मिनिटं आणि गूगलवर ३० मिनिटं पुन्हा विचारणाच होत नसे. म्हणून आजच प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीची पडताळणी ‘नेहमी’वर ठेवा, आणि मुलांच्या बोटाचा ठसा फोनमध्ये घेऊ नका.

आणखी एक गैरसमज. ‘३+’ या खुणेचा अर्थ मजकूर लहानांना बाधक नाही एवढाच. गेम मुलांसाठी बनवलाय किंवा आत खरेदी नाही, असं ती सांगत नाही. त्यासाठी ‘ॲपमधील खरेदी’ ही ओळ वाचा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळी कुलपं उघडलेला’ गेम म्हणून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल फिरते, ती याहून घातक. बाळाच्या गेमला तुमचे एसएमएस, संपर्क किंवा ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचून फोन चालवण्याची) परवानगी कशाला हवी? दिली असेल तर इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं गोठवायला सांगा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, कळवा. पोलीस ठाणं गाठण्याआधी हा कॉल करा, कारण पैसा पुढे सरकायला मिनिटं पुरतात. मग फोन फॅक्टरी रीसेट करा.

गेम द्यायचाच असेल तर आधी विमान मोडवर चालतो का ते स्वतः पाहा. यातले बरेच गेम चालतात. त्या मोडवर जाहिरात येत नाही, खरेदीही होत नाही, आणि औषधाची बाटली कुलूपबंद निघाली तर तो गेम मुलीच्या हातात जाण्याआधीच काढता येतो.