नेपथ्यासाठी वाळू की काचेवरचा रंग?
अ‍ॅनिमेशनपटात वाळूतलं नेपथ्य, म्हणजे पात्रांमागचं दृश्य, खालून उजेड दिलेल्या काचेवर रचतात. थर जाड तिथे काळोख, बोटाने पातळ केला की करडी छटा, काच उघडी पडली की लख्ख पांढरं. धुकं, बर्फ, रात्रीचं रान यांसाठी वाळूला तोड नाही!

कॅनडात अ‍ॅनिमेशनकार कॅरोलिन लीफ यांनी १९७४ मध्ये घुबड आणि हंस यांची इनुइट (उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांची) लोककथा वाळूत केली. १९७६ च्या ‘द स्ट्रीट’ या अ‍ॅनिमेशनपटासाठी मात्र काचेवर रंग वापरला. घरातली दाटी, चेहरे रंगातच खुलतात, आणि वाऱ्याच्या झुळकीने काही विस्कटत नाही. पात्र हललं की मागचं दृश्य पुन्हा रचणं दोन्हीकडे आलंच; नेपथ्य वेगळ्या, खालच्या काचेवर ठेवलं तर हे काम वाचतं.

निसर्गातला प्रसंग असेल, तर मी वाळूच निवडेन.