बागेतलं तळं: फिल्टर बसवावा की नको?

बागेत तळं करायचं ठरलं की खड्डा खणायच्या आधीच वाद सुरू होतो तो फिल्टरवरून. कुणी म्हणतं, फिल्टर नसेल तर पाणी सडणारच. कुणी म्हणतं, रानातल्या तळ्याला कुठे फिल्टर असतो? मी दोन्ही प्रकारची तळी सांभाळली आहेत, आधी फिल्टरचं आणि गेली काही वर्षं बिनफिल्टरचं. मासे किती आणि त्यांना रोज खाणं किती, हे आधी ठरवा. फिल्टर लागेल की नाही ते त्यावरून कळतं. रानातल्या तळ्यात माशांना मूठभर दाणे टाकायला कुणी जात नाही, हा फरक लोक विसरतात.

पाणी साफ कोण करतं

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. न खाल्लेले दाणे आणि कुजलेली पानं त्यात भर घालतात. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ थोडे असले तरी माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि वनस्पतींना ते खत म्हणून चालतं.

हे जिवाणू बिनफिल्टरच्या तळ्यातही असतातच. दगडांवर, पाणी जिरू नये म्हणून तळाशी अंथरलेल्या कापडावर, देठांवर जो बुळबुळीत थर येतो त्यात ते राहतात. फिल्टर त्यांना एका डब्यात भरपूर जागा देतो आणि पंप त्यांच्यापर्यंत ऑक्सिजन असलेलं पाणी पोचवत राहतो. म्हणून फिल्टर असला की तेवढ्याच पाण्यात जास्त मासे जगतात. पण फिल्टर लावला की घाण गेली, असं मात्र नाही. स्पंजमध्ये अडकलेला गाळ तुम्ही धुऊन काढेपर्यंत त्याच पाण्यात असतो, आणि तयार झालेलं नायट्रेट तळ्यातच राहतं. ते वनस्पतींनी घेतलं नाही तर शेवाळ घेतं. फिल्टर असूनही थोडं थोडं पाणी बदलावं लागतं ते यामुळेच.

बिनफिल्टरचं तळं

इथे सगळी भिस्त वनस्पतींवर. पाण्याचा निम्मा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग कमळाच्या पानांनी झाकलेला हवा, म्हणजे ऊन कमी आणि शेवाळही कमी. पाण्याखाली हॉर्नवर्ट किंवा वॅलिस्नेरिया भरपूर हवी; त्या अमोनिया थेटही शोषून घेतात. कुंड्यांत शेणखत किंवा कंपोस्ट घातलेली माती भरू नका. ते खत पाण्यात उतरलं की महिनोन्महिने शेवाळाशी झगडावं लागतं. खोली एका बाजूला तरी 60 सेंटीमीटर हवी, कारण उथळ पाणी फार लवकर तापतं.

मासे मोजके आणि लहान जातीचे. कोई हा मोठा रंगीत मासा इथे अजिबात नको: तो 60 सेंटीमीटरच्याही पुढे वाढतो आणि मुळं उकरून कुंड्या उलथवतो.

नवीन तळ्याचं पाणी पहिले काही आठवडे हिरवंगार होतं आणि बहुतेक जण इथेच धीर सोडतात. पाणी उपसून नवीन भरलं की त्यासोबत नवीन क्षार येतात आणि पाणी परत हिरवं. माझं तळं पहिल्या वर्षी असंच होतं. एका सकाळी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरलं, तर हिरव्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उड्या मारत होते. ते डॅफ्निया, तरंगतं शेवाळ खाणारे. मी पाण्याला हात लावला नाही. थोड्याच दिवसांत तळाचे दगड दिसायला लागले. तळ्यात मासे जास्त असते तर त्यांनी हे डॅफ्निया शिल्लक ठेवले नसते.

या तळ्याची खरी कसोटी उन्हाळ्यातल्या पहाटे लागते. वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, पण रात्री स्वतःच घेतात. शिवाय 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 30 अंशांना साडेसातच. वारा पडलेल्या एका रात्रीनंतर माझे सगळे मासे पहाटे काठाशी तोंड वर काढून आ वासत होते. बादलीने तळ्यातलंच पाणी उंचावरून परत ओतत राहिलो, तेव्हा अर्ध्या तासाने ते खाली गेले. त्या आठवड्यात एक तृतीयांश वनस्पती काढल्या आणि चार मासे दुसऱ्याला देऊन टाकले. तशी पहाट पुन्हा आली नाही.

फिल्टरचं तळं

आधी हिशोब करा. तळं 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, सरासरी 60 सेंटीमीटर खोल असेल तर पाणी 3,600 लिटर. एवढं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायचं तर पंप ताशी 1,800 लिटरचा लागतो. मासे दाटीने असतील तर त्याच्या दुप्पट. पाणी उंच चढवायचं असेल तर प्रवाह कमी होतो, म्हणून पंपाच्या खोक्यावरचा आकडा तसाच धरू नका.

पंप रात्रंदिवस चालू हवा. वीज वाचवायला रात्री बंद केला तर डब्यातले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरायला लागतात. बराच वेळ बंद राहिला असेल तर डब्यातलं साचलेलं पाणी आधी बाहेर फेका, मगच चालू करा. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू जातात. तळ्यातल्याच पाण्याने बादलीत पिळून घ्या. यूव्ही दिवा हिरवं पाणी हटवतो, दगडांना चिकटलेल्या तंतूंच्या शेवाळाला मात्र त्याने काही होत नाही. आणि हा दिवा वरून पेटलेला दिसला तरी त्यातली अतिनील किरणं कमी होत जातात, त्यामुळे साधारण वर्षाने तो बदलावा लागतो.

एवढं केलं की पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं आणि मोठे रंगीत मासे वरून न्याहाळता येतात. बिनफिल्टरचं पाणी कितीही छान असलं तरी चहाच्या फिकट छटेचं राहू शकतं. तुम्हाला ते खटकणार असेल तर आत्ताच मान्य करा.

कष्ट आणि डास

फिल्टरला दर आठवड्या-पंधरवड्याला थोडं काम. बिनफिल्टरला रोज जवळपास काही नाही, पण हंगामात दोन-तीन दिवस पूर्ण जातात: पडलेली पानं काढणं, वनस्पती विरळ करणं, थोडा गाळ उपसणं. गाळ सगळा काढू नका, त्यात चतुरांच्या अळ्या असतात आणि त्या डासांच्या अळ्या खातात.

ऊबदार हवेत डासाचं अंडं ते पूर्ण डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत होतो. हलत्या पाण्यात डास सहसा अंडी घालत नाहीत, तेवढा फायदा पंपाचा. शांत पाण्यात दोन-चार लहान मासे पुरतात. मासे अजिबात नसतील तर बेडकांची पिल्लं जास्त जगतात, पण सुरुवातीचे आठवडे अळ्या जाळीने काढाव्या लागतात.

माझं मत

पहिलंच तळं असेल तर बिनफिल्टरने सुरुवात करा. फक्त खणतानाच काठाखालून वायरसाठी एक नळी टाकून ठेवा. पुढे गरज पडली तर आधी छोटा हवेचा पंप लावून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

कोईच हवे असतील तर मात्र आधी फिल्टर. नवीन फिल्टरमध्ये जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एक-दोन लहान मासे सोडा, अगदी थोडं खाणं द्या, दर दोन दिवसांनी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत पुढचा मासा आणू नका.