‘२००० एडी’: ताज्या अंकापासून सुरुवात नको

ब्रिटनमधलं ‘२००० एडी’ हे विज्ञानकथांचं साप्ताहिक कॉमिक १९७७ पासून निघतंय, अंकांचा आकडा २४०० च्या पुढे गेलाय. सोलापुरात स्टेशनच्या बुकस्टॉलवर ते मिळायचं नाही, तेव्हा डिजिटल अंकच बरा. पण सगळ्यात वर दिसतो म्हणून ताजाच अंक विकत घ्याल, तर फसाल.

घोळ बांधणीत आहे. ३२ पानांत साधारण पाच कथा, प्रत्येकीला पाच-सहा पानं, आणि बऱ्याचशा कथा दहा-बारा हप्ते चालणाऱ्या. सातव्या हप्त्यात शिरलं की कोण कुणावर का गोळ्या झाडतंय, पत्ता लागत नाही. मागची हकिगत दोन-तीन ओळींत उरकलेली असते. नवख्याला त्यातल्या त्यात ‘जज ड्रेड’ (भविष्यातल्या महानगरात पोलीस आणि न्यायाधीश दोन्ही असलेला नायक) झेपतो, कारण त्याच्या पुष्कळ कथा एक-दोन अंकांत संपतात. शिवाय तो वाचकांबरोबर म्हातारा होतो: कथेतलं साल आपल्यापेक्षा १२२ वर्षांनी पुढे, १९७७ साली तिथे २०९९. ‘फ्यूचर शॉक्स’ या सुट्या कथांची गंमत शेवटच्या चौकटीतल्या कलाटणीत असते. ती आधीच ओळखू आली, तर चार पानं फुकट.

म्हणून सगळ्या कथा एकदम सुरू होतात तो अंक शोधा. वर्षातून काही वेळा असा अंक निघतो आणि जाहिरातीत तसं सांगतात. तिथून सलग दहा-बारा अंक घ्या. कडक भाकरी-शेंगाचटणीसारखंच आहे हे, सावकाश चावलं तरच चव लागते.

फाइल पीडीएफ किंवा सीबीझेड (पानांची चित्रं एकत्र बांधलेली कॉमिक-फाइल) मिळते. मोबाइलवर फुग्यांतली अक्षरं बारीक दिसतात. दहा इंची टॅब आडवा धरून दोन पानं शेजारी लावा. मुखपृष्ठ वेगळं ठेवायची सेटिंग चालू नसेल, तर जोडपानावरचं चित्र मधोमध तुटतं.

स्वतःपुरती छापील प्रत हवी असेल तर झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट’ सांगा: ३२ पानांना ए-थ्रीचे आठ कागद, मधे पिन. दोन्ही बाजूंची छपाई आखूड कडेवर पलटून घ्यायची; लांब कडेवर घेतली तर मागची पानं उलटी येतात. साध्या ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) कागदावर ड्रेडच्या रात्रीच्या चौकटींची काळी शाई मागून दिसते. १०० जीएसएम मागा. त्याहून जाड घेतला की घडीवर फुगतो.