मिनी ट्रॅक्टरचा ८.३-२० टायर : काळ्या रानात कसा?

८.३ ही इंचातली रुंदी, २० हा रिमचा व्यास. रावेर-यावलकडच्या ५-६ फुटी केळीच्या ओळींत मागच्या चाकाला हे माप सोयीचं; रुंद टायर घातला की ठिबकची नळी चिरडलीच समजा. ओल्या काळ्या मातीत उथळ नक्षी लगेच बुजते, म्हणून नक्षी खोलच घ्या. मागून पाहताना वरच्या बाजूला नक्षीच्या बाणाचं टोक वर हवं. उलटं बसवलं तर माती झडत नाही, चाक जागेवरच फिरतं. नांगरटीला वजनासाठी व्हॉल्व्ह वर ठेवून टायरमध्ये ७५ टक्के पाणी भरा, केळीत मात्र नको, जमीन दबते. फोर-व्हील-ड्राइव्हला पुढच्या-मागच्या टायरच्या घेराचं प्रमाण कंपनीचंच ठेवा, नाहीतर गिअरवर ताण येतो. बाभळीच्या काट्यापुढे मात्र कुठलाच टायर शहाणा नाही.