‘होत होतं’ की ‘होत गेलं’? इंग्रजीत सांगताना

मार्चपासून विहिरीचं पाणी उतरत होतं, आणि मार्चपासून मेपर्यंत ते उतरत गेलं. मराठी कानाला यातला फरक लगेच कळतो. इंग्रजी बोलताना मात्र आपण दोन्हीकडे ‘वॉज’ लावून मोकळे होतो.

‘द वेल वॉज ड्राइंग अप’ म्हणजे आटणं चालू होतं, शेवट सांगितलेला नाही. म्हणूनच पुढे ‘बट देन इट रेन्ड’ जोडता येतं. ‘द वेल ड्राइड अप’ म्हटलं की विहीर कोरडी ठणठणीत. त्यानंतर ‘सो वी सेव्ह्ड इट’ म्हणाल तर ऐकणारा गोंधळेल.

‘होत गेलं’साठी साधा भूतकाळ घ्या आणि तुलनेचं रूप दोनदा: ‘इट गॉट हॉटर अँड हॉटर’. लांब विशेषण असेल तर ‘मोर अँड मोर’: ‘कॉटन सीड गॉट मोर अँड मोर एक्स्पेन्सिव्ह’. ‘मोर हॉटर’ ही आपल्याकडची नेहमीची चूक. ‘हॉटर’मध्ये ‘जास्त’ आधीच आहे. दुसरी चूक ‘गेलं’चं थेट ‘वेंट’ करण्याची. ‘हॉट वेंट’ असं इंग्रजीत काही नाही.

गप्पांत ‘गॉट’, अर्जात किंवा अहवालात ‘बिकेम’ शोभतं. पण पुढे नाम आलं की ‘गॉट’ चालतच नाही: ‘शी गॉट अ टीचर’ म्हणजे तिला शिक्षक मिळाला, ती शिक्षिका झाली असेल तर ‘शी बिकेम अ टीचर’.