नेरुळ: बाथरूम वॉटरप्रूफिंगचं काम, पाचपैकी साडेतीन

सिडकोच्या जुन्या इमारतीतलं बाथरूम, कंत्राटदार स्थानिक. तोडफोड नीट केली: जुना कोबा (फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) स्लॅबपर्यंत काढला, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून निघतं ते भांडं) नवा बसवला. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात मसाल्याचा गोल वाटाही मारला. हा वाटा बरेच मिस्त्री गाळतात. मग कोपऱ्यात कोटिंगला चीर जाते आणि खालच्या घराचं छत ओलं होतं.

कोटिंगचे दोन हात दिले, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. इथवर तक्रार नाही.

गडबड पुढे. पाणी चाचणी 24 तासांत उरकण्याची घाई होती. 48 तास पाणी भरून ठेवायला सांगावं लागतं, आणि खालच्या छताची पाहणीही तुम्हीच करायची. ढाळही कमी निघाला: पाच फुटांत किमान 15 मिमी हवा, इथे दाराकडे पाणी साचत होतं. दोन ओळी टाइल उखडून दुरुस्त केलं, जादा पैसे न घेता. पण तिथलं कोटिंग फाटलं, म्हणून पुन्हा कोटिंग आणि पुन्हा चाचणी.

कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफिंग, सगळं मिळून’ एवढंच असतं. कोबा, वाटा, कोटचे हात, चाचणीचे तास, ट्रॅप, डेब्रिज उचलणं, हे वेगवेगळं लिहून घ्या. डेब्रिजवरून तर हमखास वाद होतो.